पाऊस काय बाईमाणूस बघून पडतो का?

ताई, तुमचा प्रश्न मिळाला. तुम्ही परभणी जिल्ह्यात सीआरपी, म्हणजे गावातल्या बचत गटांना मार्गदर्शन करणाऱ्या ताई आहात, महिला ग्रामसभेत 'हवामान बदल आणि महिला' या विषयावर अर्धा तास बोला म्हणून सांगितलंय, आणि तयारीच्या मीटिंगमध्ये उपसरपंच सगळ्यांसमोर म्हणाले, "पाऊस काय बाईमाणूस बघून पडतो का? दुष्काळ सगळ्यांना सारखाच." सगळे हसले, तुम्ही गप्प बसलात, आणि आता विचारताय की याला उत्तर काय द्यायचं आणि गटानं नक्की करायचं काय.

मी कृषी पदवीधर, गेली २२ वर्षं लातूर, धाराशिव, बीड या पट्ट्यात शेती आणि बचत गटांचं काम करतेय, आणि हे वाक्य मी किमान शंभर वेळा ऐकलंय. कधी सरपंचाकडून, कधी बँकेच्या साहेबाकडून, एकदा तर माझ्या सासऱ्यांकडून. तर पहिली गोष्ट, उपसरपंच अर्धे बरोबर आहेत. पाऊस बघून पडत नाही. पण तो पडल्यावर किंवा न पडल्यावर जे काम वाढतं, जे नुकसान होतं आणि त्याची भरपाई ज्याच्या खात्यात जाते, त्याची वाटणी मात्र अगदी नीट बघून होते. वाद घालू नका त्यांच्याशी, हिशोब मांडा. हिशोबापुढे माणूस गप्प बसतो.

पाण्याचाच हिशोब घ्या. सरकारी योजनेत खेड्यात दर माणशी दिवसाला ५५ लिटर धरलंय. पाच माणसांचं घर म्हणजे २७५ लिटर. हंडा १५ लिटरचा. म्हणजे १८ हंडे, डोक्यावर एक आणि कमरेवर एक धरला तरी नऊ खेपा, आणि खेपेला वीस मिनिटं धरली तर तीन तास. यात म्हैस नाही धरली, ती उन्हाळ्यात एकटी तीन-चार हंडे पिते. नळाला पाणी असतं तेव्हा हे तीन तास दिसत नाहीत, नळ आटला की ते कुणाच्या अंगावर येतात हे सभेत हात वर करून विचारा. आणि टँकरचं गाव असेल तर आणखी वेगळीच गंमत, टँकर कधी येणार हे कुणालाच माहीत नसतं, सकाळी नऊला येईल म्हणतात आणि दुपारी तीनला येतो, त्यामुळे घरातल्या एका बाईला दिवसभर थांबावंच लागतं, तिचा रोज बुडतो, आणि ती शाळकरी पोरगी असेल तर तिची शाळा बुडते. २०१६ साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आलं ते सगळ्या देशानं टीव्हीवर बघितलं, पण रेल्वे स्टेशनला आली तरी पाणी घरापर्यंत हंड्यानंच गेलं ना.

आता जरा शेतीकडे येते, कारण मला वाटतं खरा बदल इथं झालाय आणि तो लोकांच्या नजरेतून सुटतो. आपल्याकडे पाऊस कमी झाला असं सरसकट म्हणू नका, कुणीतरी आकडे काढून तुम्हाला खोटं पाडेल. पाऊस बेभरवशाचा झालाय. जूनमध्ये पेरून घेतो, मग तीन-तीन आठवडे दडी मारतो, आणि काढणीच्या वेळेला आठवड्याभरात सगळा ओततो. २०२३ चा ऑगस्ट आठवा, १९०१ पासूनच्या नोंदीत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता तो. आणि दोनच वर्षांनी, सप्टेंबर २०२५ ला, सीना, मांजरा, सगळ्या नद्या पात्र सोडून शेतात घुसल्या, धाराशिव-बीड-सोलापूरकडे तर नुसतं पीक नाही, माती खरडून गेली. म्हणजे एकाच बाईनं दोन वर्षांच्या अंतरानं पाण्यासाठी रांगही लावली आणि पाण्यातून धान्याची पोतीही ओढली.

या बेभरवशात शेतकरी सोयाबीनकडे गेला, त्यात चूक काही नाही, शंभर-एकशेदहा दिवसांत येतं, हातात रोख पैसा. पण सोयाबीन आलं म्हणजे काय गेलं? आधी ज्वारी होती, ज्वारीबरोबर कडबा होता, कडब्यावर म्हैस होती, आणि म्हशीचं दूध डेअरीला जाऊन दर दहा दिवसांनी जे पैसे यायचे ते बऱ्याच घरांत बाईच्या हातात असायचे, त्यातून तेल-मीठ, पोरांच्या वह्या, माहेरचा आहेर निघायचा. सोयाबीनचं भुसकट जनावर मनापासून खात नाही. कडबा विकत घ्यायचा तर परवडत नाही. मग म्हैस विकली. विकताना तिला कुणी विचारलं नाही. म्हणजे पीक बदललं तो निर्णय नवऱ्याचा, आणि बंद झालं ते बायकोचं पाकीट. शिवाय ज्वारीच्या ओळीत मूग, उडीद, तीळ, अंबाडी असं काहीबाही पेरलेलं असायचं, ते घरात यायचं, आता डाळ दुकानातून येते. मी गावागावात वर्षभराच्या किराण्याची यादी बायकांकडून लिहून घेते, त्यात डाळीच्या पुढची ओळ हिरव्या भाजीची, आणि दुष्काळी वर्षात पहिली काट याच दोन ओळींवर बसते, आणि घरात शेवटी जेवणारी कोण ते तुम्हाला सांगायला नको.

तणनाशकाची गोष्ट पण यातच येते. खुरपणी हे बायकांचं मजुरीचं हक्काचं काम होतं. सोयाबीनवर फवारा मारला की खुरपण संपलं, फवारणी गडी करतो, काढणी गुत्त्यानं जाते नाहीतर हार्वेस्टर येतं. ज्यांना शेत नाही त्या बायकांचे हंगामातले कितीतरी दिवस असे गेले. मजुरी आधीच गड्याच्या निम्मी-पाऊण, त्यात दिवस कमी. याला हवामान बदल म्हणायचं का? सरळ नाही म्हणता येणार. पण लहरी पावसात खुरपायला वाफसाच, म्हणजे कामाजोगी ओल-कोरडी जमीनच मिळत नाही म्हणून लोक फवाऱ्याकडे वळले हे मी डोळ्यांनी बघितलंय.

कर्जाचं तर विचारूच नका. पाऊस गेला की बोअर मारायचा, ही आपल्याकडची जिद्द. पहिला कोरडा जातो, दुसरा सातशे-आठशे फुटांवर जरा ओला लागतो, तिसऱ्यासाठी पैसे नसतात. मग पैसे कुठून येतात? एक तर तिचं डोरलं गहाण पडतं, किंवा तिच्या नावावर मायक्रोफायनान्सचं ग्रुप लोन निघतं, त्यात गटातल्या बायका एकमेकींना जामीन असतात. बोअर त्याच्या शेतात, सातबारा त्याच्या नावावर, हप्ता तिच्या नावावर. पीक नाही आलं तर बँकेचं पीककर्ज थकतं, कधीतरी पुनर्गठन होतं, कधी माफी पण होते, पण ग्रुप लोनचा हप्ता वसूल करायला पोरगं मोटरसायकलवर दर आठवड्याला दारात येतं आणि बाकीच्या नऊ बायका तिच्या ओट्यावर बसून राहतात. मी अशी बाई बघितलीय जिनं एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचं आणि दुसरीचा भरायला तिसरीचं लोन काढलं, आणि विचारलं तर म्हणाली, "पाणी लागलं असतं तर सगळंच सुटलं असतं ना मॅडम." तिच्या नवऱ्याच्या डोक्यावर बँकेचं कर्ज किती ते गावाला माहीत होतं, तिच्या डोक्यावर किती ते नवऱ्यालाही माहीत नव्हतं.

ऊसतोडीवर बोलल्याशिवाय मराठवाड्यातला हा विषय पुराच होत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरला गावं रिकामी होतात. इथं मजुरीचं एकक म्हणजे 'कोयता', आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं. एकटा गडी गेला तर अर्धा कोयता. मुकादम उचल, म्हणजे हंगामाआधीची आगाऊ रक्कम देतो ती जोडीला. ज्या वर्षी खरीप हातचा जातो त्या वर्षी उचल मोठी घ्यावी लागते, आणि ती फेडायला मार्च-एप्रिलपर्यंत पहाटे तीन-चारला उठून फडात जायचं, मोळ्या बांधायच्या, डोक्यावरून गाडीत चढवायच्या, परत येऊन कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीवर, चूल पेटवायची. पाळी आली, ताप आला, एक दिवस बसली तर खाडा, आणि खाड्याचा दंड. या सगळ्यातून गर्भपिशवी काढून टाकण्याचा जो प्रकार बीडमध्ये सुरू झाला त्याची चौकशी करायला २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, तिच्या पाहणीत जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली निघाली. म्हणजे सहात एक. बऱ्याच जणी तिशी-पस्तिशीतल्या. उपसरपंचांना हा आकडा सांगा. याला एकटा दुष्काळ कारणीभूत आहे असं मी म्हणत नाही, डॉक्टर आहेत, मुकादम आहे, कारखान्याजवळ संडास नाही की पाणी नाही हे आहे. पण ज्या घरात खरीप साधतो ते घर उचल घेत नाही, एवढं साधं आहे. आणि मला कायम एक गोष्ट खटकते, ज्यांच्या गावात प्यायला पाणी नाही त्या बायका पार कोल्हापूर-सांगलीपर्यंत जाऊन सगळ्यात जास्त पाणी पिणारं पीक तोडतात.

पोरींचं यातच अडकलंय. आई-बाप फडावर गेले की चौदा-पंधरा वर्षांची पोर गावात कुणाच्या भरवशावर ठेवायची? बरोबर नेली तर शाळा सुटली, ठेवली तर घोर. मग लग्न. आणि लग्न झालं की नवा कोयता तयार, नवी उचल, म्हणजे मुलाकडच्यांनाही घाई. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या बायकांमध्ये अठराच्या आत लग्न झालेल्या साधारण २२ टक्के निघाल्या, बीड आणि परभणीत मात्र ४० च्या वर. परभणी तुमचाच जिल्हा आहे ताई. ऊसतोडीला गेलेल्यांच्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहं जिथं नीट चालतात तिथं पोरी टिकतात हे मी स्वतः बघितलंय, पण ती वेळेवर सुरू व्हायला हवीत, तोडीची टोळी दिवाळीच्या आसपास निघते आणि वसतिगृह डिसेंबरात उघडलं तर काय उपयोग? पावसाळ्यात आणखी एक, पुलावरून पाणी जायला लागलं की एसटी येत नाही. पाचवी ते बारावीच्या मुलींना एसटीचा पास फुकट आहे, चांगली योजना आहे, पण बसच आली नाही तर पास काय कामाचा, आणि मुलगा मित्राच्या गाडीवर मागे बसून जातो, मुलगी घरी बसते. असे पंधरा दिवस गेले की घरचे म्हणतात राहू दे आता.

उन्हाबद्दल थोडक्यात सांगते. बायका शेतात, कामावर संडास नाही म्हणून पाणीच कमी पितात, मग लघवीची जळजळ, चक्कर, आणि घरी आल्यावर पत्र्याखालची चूल. गरोदर बाईला फार उष्णतेत वेळेआधी बाळंत होण्याचा धोका वाढतो हे बऱ्याच देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. अहमदाबादच्या 'सेवा' संघटनेनं २०२३ पासून असंघटित बायकांसाठी उष्णतेचा विमा काढून बघितला, तापमान ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की पैसे थेट खात्यात, पंचनामा नाही काही नाही. मला ही कल्पना आवडते कारण यात बाईला काही सिद्ध करावं लागत नाही. आपल्याकडे रोहयोच्या कामावर सावली आणि पाण्याची सोय करणं नियमातच आहे, ती मिळते का हे मात्र तुम्हीच बघून या.

आणि हे फक्त मराठवाड्याचं आहे असं समजू नका. किनाऱ्यावर कोळणी वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, बोंबील वाळत घालतात, अवकाळी सर आली की तासाभरात महिन्याची कमाई सडते, होडीचा आणि जाळ्याचा पंचनामा होतो पण वाळत घातलेल्या मासळीचा सहजी होत नाही, कारण होडी गड्याची आणि बोंबील बाईचा. बांगलादेशात १९९१ च्या चक्रीवादळात २० ते ४४ वयाच्या बायकांमध्ये हजारी ७१ मृत्यू झाले आणि त्याच वयाच्या पुरुषांत १५. वारा तोच होता. बायका लेकरं, म्हातारी माणसं घेऊन घरात थांबल्या होत्या. उपसरपंचांना उत्तर द्यायचं तर एवढं पुष्कळ झालं.

आता तुमचा दुसरा प्रश्न, गटानं काय करायचं. इथं मी जरा कडू बोलणार आहे, कारण माझ्याच हातून झालेली चूक आहे. साधारण दहा-बारा वर्षांपूर्वी आम्ही एका प्रोजेक्टमध्ये गावोगावी बायकांना गांडूळ खताचे बेड दिले. हवामानाला जुळवून घेणारी शेती, महिलांचा सहभाग, सगळं कागदावर झकास. लागोपाठ दोन वर्षं पाऊस दगा देऊन गेला. गांडुळाला ओल लागते, रोज पाणी शिंपडावं लागतं. मी एका गावात फोटो काढायला गेले तर एक म्हातारी मला म्हणाली, "मॅडम, लेकराच्या अंगाला पाणी नाही, अन् तुमच्या गांडुळाला दोन घागरी घालू का?" ती दोन घागरी कुठून आणत होती ते मग मी बघून आले, पाऊण किलोमीटर. आम्ही तिच्या पाण्याच्या तीन तासांत अजून अर्ध्या तासाची भर घातली होती आणि रिपोर्टात लिहिलं होतं की महिला सक्षम झाल्या. तेव्हापासून माझा एकच नियम, कुठलीही योजना आली की आधी विचारायचं, यानं बाईचे तास वाढणार की कमी होणार, आणि यातून येणारा पैसा कुणाच्या खात्यात जाणार. ही दोन उत्तरं मिळेपर्यंत नाव नोंदवायचं नाही. "बायका निसर्गाच्या जवळ असतात" वगैरे भाषणं ऐकली की मला त्या घागरी आठवतात. अहो, जवळ कसल्या, दुसरं कुणी पाणी आणत नाही म्हणून त्या विहिरीवर असतात.

मग चालतं काय? माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त चाललेली गोष्ट म्हणजे अर्धा एकर. स्वयम् शिक्षण प्रयोग ही संस्था, प्रेमा गोपालन यांनी सुरू केलेली, लातूर भागात १९९३ च्या भूकंपानंतर बायकांबरोबर काम करत करत शेतीत आली, आणि त्यांचं एक एकराचं मॉडेल म्हणून जे प्रसिद्ध आहे ते अगदी साधं आहे: बाईनं घरच्या जमिनीतला अर्धा ते एक एकर तुकडा मागून घ्यायचा, त्यात काय पेरायचं ते तिनं ठरवायचं, आणि पेरायचं ते आधी खायचं पीक. कडधान्य, ज्वारी, भाजीपाला, कमी पाण्यावर, घरच्या शेणखतावर. २०१६ ला त्यांना यूएनडीपीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाचा, इक्वेटर पुरस्कार मिळाला, पण पुरस्कारापेक्षा मला त्यातली चलाखी आवडते. नवऱ्याला पूर्ण शेतीचा कारभार मागितला तर भांडण होतं. अर्धा एकर मागितला तर तो म्हणतो, घे, बघू काय करते.

पण घेताना फसू नका, हे मुद्दाम सांगते. तो तुम्हाला बांधाकडचा मुरमाड तुकडा देणार, हे ठरलेलं आहे. शक्यतो घराच्या किंवा विहिरीच्या जवळचा मागा, नाही मिळाला तर मुरमाडावर तूर, तीळ, मटकी, कुळीथ असं लावा आणि भाजीसाठी दोन गुंठे वेगळे काढा. एकाच वेळी सगळं पेरू नका, दर पंधरा दिवसांनी थोडं थोडं, म्हणजे गवार, भेंडी, दोडका, चुका, मेथी, अंबाडी असं आठवडी बाजाराला दर वेळी काहीतरी असतं आणि पावसानं एक खेप बुडवली तरी दुसरी उभी असते. कडेनं चाऱ्याची ज्वारी किंवा मका, शेळीपुरती. पहिल्या वर्षी पैशाकडे बघू नका, किराण्याची यादी बघा, ती किती कमी झाली. एका गावात गटातल्या बायकांनी वर्षभर वहीत लिहिलं आणि वर्ष संपल्यावर नवऱ्यांना वाचून दाखवलं, त्यातल्या दोघांनी पुढच्या वर्षी न मागता तुकडा वाढवून दिला, एकानं मात्र तुकडाच परत घेतला कारण तिथं आता माती चांगली झाली होती! हसू नका, खरं आहे.

म्हणून सातबारा. हे सगळ्यात अवघड आणि सगळ्यात जास्त टाळलं जाणारं काम. अतिवृष्टीचं अनुदान, पीकविमा, पीएम किसानचे वर्षाचे ६,००० रुपये, आता फार्मर आयडी, सगळं त्या उताऱ्यावरच्या नावाला चिकटलंय. राबणारी बाई कागदावर शेतकरी नसते. नवरा गेला तर वारसनोंदीसाठी तलाठ्याकडे खेटे, दीर-सासऱ्यांची संमती, आणि तोवर एकही योजना नाही. आत्महत्या झालेल्या घरातल्या बायकांचे हाल तर मी सांगत बसत नाही, एक लाखाच्या मदतीसाठी 'पात्र' की 'अपात्र' या एका शब्दावर वर्षं जातात. महाराष्ट्रात हे नवं नाही बरं का, शरद जोशींच्या शेतकरी संघटनेनं १९८६ ला चांदवडला बायकांचं प्रचंड अधिवेशन घेतलं आणि पुढं लक्ष्मी मुक्ती मोहीम काढली, नवऱ्यांनी स्वतःहून बायकोच्या नावे जमीन करायची. सरकारनं १९९२ मध्ये त्याच नावाची योजना आणली, त्यात नवऱ्याच्या अर्जावर सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून बायकोचं नाव लागतं. योजना जुनी, तलाठ्याला कधीकधी माहीतच नसते, तेव्हा परिपत्रकाची झेरॉक्स बरोबर घेऊन जा. गटातल्या पाच जणींनी एकाच दिवशी अर्ज केले तर एकटीवर घरचा दबाव येत नाही, हे शिकायला मला दहा वर्षं लागली.

बियाणं. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणेच्या राहीबाई पोपेरे सगळ्यांना माहीत आहेत, २०२० ला पद्मश्री जाहीर झाली, पण त्यांचं नाव घेऊन टाळ्या वाजवण्यापेक्षा त्या काय करतात ते घ्या: गावरान बी गोळा करायचं, वेगवेगळं साठवायचं, लावायला द्यायचं आणि परत घ्यायचं. उदगीरहून बिदरमार्गे पुढं गेलात की तेलंगणात जहीराबाद आहे, तिथं डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या दलित बायकांचे संघम, म्हणजे गावगट, हेच काम कितीतरी वर्षं करतायत, कोरडवाहू एकाच शेतात दहा-पंधरा पिकं, एक गेलं तर दुसरं राहतं. जमलं तर गटाची एक सहल तिकडं काढा, भाषणानं होत नाही ते त्या कणग्या बघून होतं. आणि सोयाबीन सोडता येणार नाही हे मला कळतं, तर निदान त्यातला घाटा कमी करा. मे महिन्यात ओल्या गोणपाटावर १०० दाणे मोजून ठेवा, गुंडाळा, पाणी शिंपडत राहा, सहा-सात दिवसांनी उघडा, ७० च्या वर उगवले तर बी पेरणीचं, कमी असेल तर प्रमाण वाढवा किंवा बी बदला. याला पैसा लागत नाही आणि दुबार पेरणीचं संकट बरंचसं टळतं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरायचं नाही, हे कृषी खातं दर वर्षी ओरडून सांगतं पण गावात कुणाकडे मोजमाप असतं? गटानं एक पर्जन्यमापक घ्यावा, काही शे रुपयांत मिळतो, आणि शाळेतल्या मुलींनी रोज सकाळी साडेआठला नोंद करून फळ्यावर लिहावी. सरकारी मदतीला ही नोंद चालत नाही, तिथं महसूल मंडळातल्या यंत्राचा आकडा लागतो, २४ तासांत ६५ मिलिमीटर, पण पेरायचं की थांबायचं एवढं ठरवायला पुरते. एका गावात गडी माणसं फळा वाचून पेरायला लागली तेव्हा पोरींची मान काय ताठ झाली होती!

रुंद वरंबा सरी पण करा, दडी मारली तर ओल टिकते आणि ओतला तर पाणी सरीतून निघून जातं. असे वरंबे पाडणारं ट्रॅक्टरचं बीबीएफ यंत्र गावात असेल तर गटाला भाड्यानं मागा. नाहीतर वरंब्यावर हातानं टोकण, बियाणं जवळपास निम्मं लागतं, पण टोकणीचं काम बायकांच्याच अंगावर येतं, तेव्हा वाचलेल्या बियाण्याचा पैसा टोकणारीला मिळाला पाहिजे, हे आधी बोलून घ्या. माझा नियम विसरू नका.

चारा आणि जनावराचं म्हणाल तर म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशननं, चेतना सिन्हांच्या, २०१२-१३ च्या दुष्काळात चारा छावणी चालवली ती बायकांच्याच मागणीवरून, कारण जनावर विकलं की परत घेता येत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. तुमच्या गावाला एवढं मोठं करायची गरज नाही. गटाच्या दहा जणींनी मिळून जानेवारीत, भाव कमी असताना, कडबा घेऊन ठेवला तरी उन्हाळ्यात एकेक जनावर वाचतं.

ग्रामसभेचं शेवटी. महिला ग्रामसभा ही मेहेरबानी नाही, कायद्यानं ती मुख्य ग्रामसभेच्या आधी घ्यावी लागते आणि तिथले ठराव पुढे मांडावे लागतात. पाणीपुरवठा समितीत निम्म्या बायका असतात, तुमच्या गावात त्या कोण आहेत ते विचारा, बहुतेक वेळा त्या बाईलाच माहीत नसतं की ती सदस्य आहे. भाषण दहा मिनिटांत संपवा, हंड्यांचा हिशोब सांगा, गोऱ्हे समितीचा आकडा सांगा आणि सरळ तीन ठराव मांडा: टँकर आला तर त्याची वेळ ठरलेली असावी आणि ती आदल्या दिवशी कळवावी, पिण्याच्या पाण्याच्या विहिरीशेजारी नवा बोअर मारायला परवानगी नको, आणि टोळ्या निघण्याआधी हंगामी वसतिगृहाचा प्रस्ताव पंचायत समितीकडे गेला पाहिजे. जास्त मागितलं तर काहीच लिहिलं जात नाही. उपसरपंच परत पावसाचं बोलले तर हसा आणि म्हणा, बरोबर आहे दादा, पण टँकर तर माणूस बघून थांबतो ना, त्याचं लिहून घ्या. आणि प्रोसिडिंग बुकात ठराव शब्दशः लिहून, वाचून झाल्याशिवाय कुणीही सही करू नका, अंगठा तर अजिबात नाही. चहा आला की रजिस्टर फिरवतात आणि "करा सह्या, मागून लिहितो" म्हणतात, चहा घ्या, पण पेन खाली ठेवा.